पार्ट बदलण्याआधी मीटर लावा: कोकणातल्या मेस्त्रींना खुलं पत्र

प्रति,
अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवरचे सर्व गॅरेजमालक, मेस्त्री आणि ऑटो इलेक्ट्रिशियन यांस

विषय: इंजिनाचा न सापडणारा बिघाड आणि त्यापायी बदलले जाणारे चांगले पार्ट

सप्रेम नमस्कार.

गाडी चालता चालता बंद पडते आणि वीस मिनिटांनी आपली आपण चालू होते. किंवा पावसात झटके मारते आणि ऊन पडलं की शहाण्यासारखी पळते. किंवा इंजिनाचा दिवा लागतो, कोड (गाडीने नोंदलेला बिघाडाचा क्रमांक) खोडला की चार दिवसांनी परत हजर. गॅरेजात आणली की मात्र गाडीला काहीही होत नाही. मग ठरलेला क्रम सुरू होतो: प्लग, कॉईल, थ्रॉटल बॉडीची सफाई, पेट्रोलचा पंप, एखादा सेन्सर, आणि हे सगळं करून हात टेकले की शेवटी ‘ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय’. गिऱ्हाईकाचे पैसे जातात, मेस्त्रींचं नाव जातं, बिघाड जागच्या जागी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आम्हीही याच धंद्यातले. किनाऱ्यावरच्या मेस्त्रींचा हात वाईट नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. क्लच, गिअरबॉक्स, हेडचं काम ते डोळे मिटून करतात. अडतं ते विजेच्या कामात, कारण तिथे डोळ्यांना काही दिसत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की या किनाऱ्यावर सेन्सर किंवा पंपावर संशय घेण्याआधी जोड तपासावेत: अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हचा इंजिन-बॉडीशी जोड), कपलर (वायरी जोडणारा प्लग-सॉकेट) आणि वायर. आणि ते मल्टिमीटर लावून तपासावेत, हलवून-बघून नव्हे.

देशावरच्या गॅरेजात चालणारा अंदाज इथे का चुकतो, त्याला कारण मीठ. मिठाचा कण हवेतला ओलावा ओढतो. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की तो कोरडा राहूच शकत नाही, विरघळून त्याचा थेंब होतो. किनाऱ्यावर पावसाळाभर आणि एरवीही बऱ्याच पहाटे आर्द्रता याच्या वर असते. म्हणजे कपलरच्या आत शिरलेलं मीठ रात्रभर ओलं आणि इंजिन तापलं की कोरडं. सकाळी घराबाहेर काढताना जी गाडी त्रास देते ती अकरा वाजता गॅरेजात पोचेपर्यंत ठीक होते, याचं गूढ बहुतेक वेळा एवढंच असतं. म्हणून अशी गाडी संध्याकाळी ठेवून घ्या, रात्री बॉनेट बंद करून बाहेर उघड्यावर उभी करा आणि पहाटे पहिला सेल्फ (स्टार्टर) मारायच्या आधी मीटर व स्कॅनर (कोड वाचणारं यंत्र) लावून बसा. दिवसभर रेस देत राहण्यापेक्षा त्या पहिल्या पाच मिनिटांत जास्त कळतं.

मीठ गाडीत येतं कुठून, हेही गिऱ्हाईकाला विचारा. घर खाडीकाठी आहे का? दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा फेरीबोटींवर गाडी नेहमी चढते का? भरतीच्या वेळी उतारावर चाकांनी उडवलेलं खारं पाणी थेट इंजिनाच्या खालच्या बाजूला जातं. वाळूत गाडी फिरवण्याची हौस आहे का? आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न, गाडी धुतात कुठे? किनाऱ्यालगतच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल आणि त्याच पाण्याच्या प्रेशरने इंजिन धुतलं जात असेल, तर आपण हातानेच कपलरमध्ये मीठ भरतो आहोत. वॉशिंग सेंटरवाल्यांनी बॉनेट उघडल्यावर पंप बंद करून फक्त ओल्या फडक्याने पुसलं तरी आपली निम्मी डोकेदुखी जाईल.

आता अर्थची तपासणी. ती सविस्तर लिहितो, कारण हिलाच सर्वांत जास्त फाटा मिळतो.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा. वरच्या क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच, कारण बिघाड त्या दोघांच्या मध्येही असू शकतो. लाल प्रोब इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग आणि गंज नसलेल्या जागी. मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा आणि सेल्फ फिरत असताना आकडा वाचा. तो ०.२ व्होल्टच्या आत हवा. ०.४, ०.५ दिसला तर इंजिनाची अर्थ खराब आहे, बाकी काहीही शोधत बसू नका. मग लाल प्रोब बॉडीवर नेऊन तेच करा. नंतर इंजिन चालू ठेवून हेडलाईट, एसी आणि मागच्या काचेचा हीटर लावा. आता ब्लॉक आणि बॉडी दोन्हीकडे आकडा ०.१ च्या आत असायला हवा. शेवटी ईसीएमच्या कपलरमधली अर्थची पिन मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा. तिथे ०.०५ च्या आसपास किंवा कमी हवा.

बरेच जण इथे ओहमची रेंज लावतात, ‘शून्य दाखवतंय, अर्थ ओके’ म्हणतात आणि पुढे जातात. हिशेब करून बघा. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. १५० अँपिअरला ०.३ व्होल्ट पडायला जोडात फक्त ०.००२ ओहमचा अडथळा पुरतो. एवढा बारीक अडथळा आपल्या हातातला मीटर दाखवूच शकत नाही. प्रोबच्या वायरींचाच अडथळा त्याच्या शंभरपट असतो. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं.

खराब अर्थमुळे होतं काय? कॉईल आणि इंजेक्टरचा करंट ज्या वाटेने परत जायचा ती वाट अरुंद होते. ठिणगी कमजोर पडते, पण प्रत्येक वेळी नाही. लोड आला, एसीचा कॉम्प्रेसर बसला, पंखा लागला की. सेन्सरच्या अर्थच्या पिनेत अडथळा आला तर सेन्सर खोटं बोलायला लागतो. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरमध्ये व्होल्टेज जास्त म्हणजे इंजिन थंड, असा ईसीएमचा समज असतो. त्या वायरीत अडथळा वाढला की तापलेलं इंजिनही त्याला थंड वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. आपण मात्र सेन्सर बदलतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुरुस्ती सोपी आहे, पण क्रम चुकवू नका. बोल्ट काढा, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, खालचा रंगही काढा, कोरड्या धातूवर धातू घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन किंवा बॅटरी ग्रीसचा जाड थर द्या. आधी ग्रीस लावून मग आवळू नका. अर्थची पट्टी बाहेरून चांगली आणि आतून हिरवट भुसा झालेली असते, म्हणून ती वाकवून बघा. करकर वाजली तर नवी टाका. कल्हई केलेल्या तांब्याची, छोट्या गाडीला १६ आणि डिझेलला २५ चौरस मिलिमीटरची पट्टी घ्या. पेट्रोल पंप बदलण्याच्या खर्चापुढे हा खर्च चहापाण्याचा.

पॉझिटिव्ह बाजूही तशीच मोजावी: बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत सेल्फ फिरताना ०.५ च्या आत. आणि हे सगळं करण्याआधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५, काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीएमच्या हुकमाने कमी-जास्त होतो, तिथे कमी आकडा दिसला म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या खांबांवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय. असा अल्टरनेटर चार्जिंग बरोबर दाखवतो आणि सेन्सरांचे सिग्नल मात्र बिघडवतो.

आता स्कॅनरबद्दल. भारत स्टेज चारच्या गाड्यांत एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने आपले बिघाड ओळखून नोंदवण्याची पद्धत) आहे, म्हणजे आज गॅरेजात येणाऱ्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली तो १६ पिनांचा सॉकेट असतो. स्कॅनरही आता जवळपास प्रत्येकाकडे आहे. पण त्याचा पहिला उपयोग काय होतो? कोड खोडायला. मेस्त्रींनो, ही सवय सोडा. कोड पडतो त्या क्षणाची नोंद ईसीएम जपून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: तेव्हा आरपीएम किती, वेग किती, पाण्याचं तापमान किती, लोड किती. ‘कधीतरी होतं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकापेक्षा ही नोंद हजारपट भरवशाची. कोड खोडला की, आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरीची वायर काढली तरी, ती पुसली जाते. म्हणून आधी मोबाईलवर फोटो, मग बाकीचं. आणि बॅटरीचा क्लॅम्प ‘रिसेट करून बघू’ म्हणून काढू नका.

कोडवर सेन्सरचं नाव दिसलं की सेन्सर खराब, असं नसतं. कोड एवढंच सांगतो की त्या सर्किटमधून येणारा आकडा ईसीएमला पटला नाही. तीन-चार वेगवेगळ्या सेन्सरांचे कोड एकदम आले तर ते सगळे एकदम मरत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय ते बघा: बऱ्याच सेन्सरांना एकच पाच व्होल्टची वायर जाते. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा एका ठिकाणी वायर ब्लॉकला घासली, की सगळ्यांचे पाच व्होल्ट बसतात. एकेक सेन्सरचा कपलर काढत जा आणि मीटरकडे लक्ष ठेवा. ज्याच्या काढण्याने पाच व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार. या तारांवर बल्बचा टेस्टर लावू नका. बल्ब जो करंट ओढतो तो या सर्किटला झेपणारा नसतो.

कोडशिवाय स्कॅनरवर दोन गोष्टी रोज बघाव्यात. पहिली, रात्रभर उभ्या गाडीत फक्त चावी ऑन करून पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, बाहेर २७ अंश असेल तर दोन्ही त्याच्या आसपास. एक २७ आणि दुसरा १२ दाखवत असेल तर बिघाड कुठल्या सर्किटात आहे ते बॉनेट न उघडताच कळलं. दुसरी, इंजिन पूर्ण तापल्यावर पाणी किती अंशांवर स्थिरावतं. सहसा ८५ ते ९५ मध्ये. साठ-सत्तरवरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय. ‘आपल्याकडे उष्मा फार, थर्मोस्टॅट नकोच’ हा सल्ला इथे अजून दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. इंजिन थंड राहिलं की ईसीएम पेट्रोल वाढवत राहतो, ॲव्हरेज जातं, प्लग काळे होतात, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. गाडी खरंच तापत असेल तर रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप आणि हेड गॅस्केट बघा.

पी ०१७१, म्हणजे ‘मिश्रण पातळ’ (हवा जास्त, पेट्रोल कमी), हा कोड किनाऱ्यावर फार छळतो. इथे फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, वाचायला शिकलंच पाहिजे. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेला) दोन्हींची बेरीज दहा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. आयडलिंगला बेरीज अधिक १८ आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ३ झाली, तर कुठेतरी चोरहवा आत येते आहे: मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाईप, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) रबरी नळी. याच्या उलट, आयडलिंगला ठीक आणि चढावर अधिक २० झाली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. पण हा नियम हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांचा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालतात. त्यांत चोरहवा आली तर ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंग वर चढतं. दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजले की फसगत ठरलेली.

याच कोडचं आणखी एक कारण खास आपल्या भागाचं. सायलेन्सरचा पुढचा जोड किंवा जाळीदार फ्लेक्झिबल पाईप गंजतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीक भोक पडलं की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीएम पेट्रोल वाढवतो. कोड ‘पातळ’ म्हणतो, प्लग मात्र काळे निघतात! थंड इंजिन चालू करून मागच्या नळीवर ओला फडका धरा. पुढून टिकटिक आवाज वाढला किंवा जोडाजवळ काजळीची रेघ दिसली की सापडलं.

तापून बंद पडणारी गाडी. इथे पार्ट बदलण्याची घाई सर्वांत महाग पडते, कारण संशयित तीन: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा), पेट्रोल पंप आणि रिले (पंपाला वीज देणारा स्विच). गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच तपासायची, म्हणून तयारी आधीच ठेवा: स्कॅनर लावलेला, पेट्रोलचा प्रेशर गेज जोडलेला, आणि ठिणगी बघायला एक जास्तीचा प्लग. बंद पडली की सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम बघा. दोनशे-अडीचशे दिसायला हवेत. शून्य असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. दोन तारांचा सेन्सर असेल तर गरम असतानाच ओहम मोजा आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजा. गरममध्ये वाचन एकदम उघडं (ओपन, म्हणजे सर्किट तुटल्यासारखं) पडलं तर आतली गुंडाळी तुटतेय. ओला फडका सेन्सरभोवती दोन मिनिटं गुंडाळला आणि गाडी चालू झाली, तर पुरावा मिळाला. सेन्सर काढलाच तर टोकाच्या चुंबकावर लोखंडाचा चुरा चिकटलाय का ते बघा, आणि नवा घेताना मूळ कंपनीचाच घ्या. स्वस्तातले नकली सेन्सर इंजिन थंड असताना चालतात आणि गरममध्ये तोच त्रास देतात. मग आपण ‘सेन्सर तर नवा आहे’ म्हणून तो सोडून बाकी सगळं शोधत बसतो.

आरपीएम येतात पण प्रेशर नाही, तर पंपाकडे. पंप बदलण्याआधी पंपाच्या कपलरवर, पंप चालू असताना, व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर आधी पंपाला दोष देऊ नका. रिलेचे जळके पॉईंट, वायर किंवा मागच्या सीटखालची अर्थ बघा. व्होल्टेज बरोबर आणि प्रेशर कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी, तेव्हाच पंप काढा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हा आकडा तीन ते चार बारच्या दरम्यान असतो, पण ज्या त्या मॉडेलचा बघूनच ठरवा.

पावसात झटके मारणाऱ्या गाडीत कॉईल काढा आणि प्लग हातात घ्या. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर, वरच्या टोकापासून खालच्या षटकोनापर्यंत, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असते. ती ठिणगीची पळवाट. तशीच रेघ कॉईलच्या रबरी नळीच्या आतही मिळेल. नुसता प्लग बदलला तर नव्या प्लगवर काही दिवसांत तीच रेघ उमटते, कारण रबरातली वाट तशीच आहे. दोन्ही एकदम बदला. प्लगच्या विहिरीत पाणी किंवा ऑइल साचलंय का, तेही बघा. ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं सील गेलंय. कोणतं सिलेंडर मिस मारतंय (पेटत नाही) ते कोडच सांगतो: पी ०३०२ म्हणजे दुसरं. दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यावर लावून चालवा. कोड पी ०३०३ झाला तर कॉईल खराब. नाही हलला तर प्लग तसाच फिरवून बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. या तपासणीला एक रुपयाचाही पार्ट लागत नाही. पाऊस नसेल तर झाडांवर फवारायच्या बाटलीत पाणी आणि चिमूटभर मीठ घालून, चालू इंजिनाच्या कॉईलभोवती एकेक जागी फवारा. इंजिन अडखळलं तिथे थांबा. झाल्यावर गोड्या पाण्याने हलकं पुसून घ्या.

वायरीबद्दल एक युक्ती सांगतो, ती गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. वायरीत वीस-तीस तारा असतात. त्यातली एक जरी शिल्लक राहिली तरी मीटर ‘पीं’ वाजवतो. म्हणून मोठ्या करंटची वायर, म्हणजे पंपाची, कॉईलची किंवा ईसीएमची सप्लाय आणि अर्थ, बल्बने तपासा. मागच्या ब्रेकलाईटचा २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना जवळपास सात ओहमचा असतो आणि १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर ओढतो. दोन्ही टोकांचे कपलर काढून, वायरीच्या एका टोकाला बॅटरीचा प्लस आणि दुसऱ्या टोकाला बल्ब व अर्थ लावा. बल्ब पूर्ण उजेड देत नसेल तर वायर कुजलीय. बल्ब पेटलेला असताना वायर लांबीभर वाकवत जा. मिणमिणला तिथे कापा. सेन्सरच्या बारीक सिग्नल वायरींना हे लागू नाही, आणि ईसीएम जोडलेला असताना तर मुळीच करू नका.

कापल्यावर तांबं काळं किंवा हिरवं दिसलं तर मागे मागे कापत जा, लालसर चकाकी येईपर्यंत. खारं पाणी आवरणाच्या आतून वीतभर सुद्धा चढलेलं असतं. जोड सोल्डर किंवा क्रिंप करा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. काळी इन्सुलेशन टेप इथे एक पावसाळा टिकत नाही आणि आत पाणी धरून ठेवते. अणकुचीदार टेस्टर वायरीत टोचायचा प्रकार तर बंदच करा. आज टोचलेलं भोक पुढच्या वर्षी त्याच गाडीला परत आणतं. कपलरच्या मादी पिनेत जाड प्रोब घुसवला की ती पिन फाकते आणि नवाच, कधीतरी होणारा बिघाड आपण तयार करतो.

उंदरांनी कुरतडलेली वायर तर जागोजाग. इंजेक्टरच्या हार्नेसखाली (वायरींच्या जुडग्याखाली) आणि मॅनिफोल्डच्या मागे आरसा-टॉर्च घालून बघा. पेट्रोलची रबरी नळीही तपासा, ती कुरतडलेली असेल तर गाडी गॅरेजबाहेर सोडू नका.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. पावसाळ्यात दर सर्व्हिसला फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढा. इंजिन थंड असताना चालू होते पण गरममध्ये सेल्फ नुसता फिरतो, अशा कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाने डिझेल देणाऱ्या) गाडीत सेल्फ मारताना रेल प्रेशर बघा. साधारण दोनशे बारच्या आसपास पोचत नसेल तर इंजिन पेटणार नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून परतीच्या नळीत निघून जातं. चारही परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून एक मिनिट चालवा. ज्या बाटलीत इतरांपेक्षा भलतंच जास्त डिझेल आलं तो इंजेक्टर. हाय प्रेशर पंप उतरवण्याआधी हे करावं, आणि त्याहीआधी टाकीकडून येणाऱ्या नळीत पारदर्शक तुकडा बसवून बुडबुडे येतात का ते बघावं. चालू इंजिनात हाय प्रेशरची नळी मात्र कधीही सैल करू नका, ती धार कातडीत घुसते.

सीएनजीवर झटके आणि पेट्रोलवर ठीक असेल तर लगेच गॅस किटवाल्याकडे पाठवू नका. सीएनजीला ठिणगी जास्त जोरदार लागते, त्यामुळे कमजोर कॉईल आणि जास्त गॅपचे प्लग तिथे आधी उघडे पडतात.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला शिका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. तशी गाडी वरून चकाचक असली तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर गाळाची रेघ दिसते आणि कार्पेटखालचे वायरिंगचे जोड हिरवे असतात. अशा गाडीत एकेक सेन्सर शोधण्यात अर्थ नाही. आधी कार्पेट काढून सगळे जोड उघडा, आणि गिऱ्हाईकाला काम कितीही लांबू शकतं हे पहिल्याच दिवशी सांगा.

आता पैशांचं. तपासणीला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे मागायची आपल्याला लाज वाटते, म्हणून ते पार्टच्या मार्जिनमधून काढले जातात. मुळात दुखणं इथे आहे. पार्ट विकल्याशिवाय मजुरी निघत नसेल तर पार्ट विकलाच जाणार. त्यापेक्षा तपासणीची फी उघड सांगा, बोर्डावर लिहा आणि बदल्यात गिऱ्हाईकाला कागद द्या. त्यावर बॅटरीचे तीन आकडे, अर्थचे दोन आकडे, सकाळची दोन तापमानं, कोड आणि फ्रीझ फ्रेम. बिघाड नाही सापडला तरी हा कागद वाया जात नाही. गाडी पुढे रत्नागिरीला जावो की कोल्हापूरला, तिथला माणूस तिथून पुढे सुरू करतो. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. आणि संशयावर पार्ट घालून बघायचाच असेल, तर ‘याने बिघाड गेला नाही तर काढून परत देईन’ असं दुकानदाराशी आधी बोलून ठेवा. विजेचा पार्ट सहसा परत घेत नाहीत, म्हणून तर मीटर.

गणपतीच्या आठवड्यात हे सगळं जमणार नाही, हे मान्य. चाकरमान्यांच्या गाड्या दारात रांगेने उभ्या असतात आणि प्रत्येकाला आरतीच्या आधी घरी पोचायचं असतं. त्या दिवसांत निदान पंधरा मिनिटांचं एवढं करा: कोडचा फोटो, बॅटरीचे व्होल्ट गाडी उभी असताना आणि सेल्फ मारताना, ब्लॉकची अर्थ, आणि मिस मारत असेल तर कॉईलची अदलाबदल. त्यात सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर आकडे लिहून द्या आणि विसर्जनानंतर गाडी एक रात्र ठेवायला सांगा.

कळावे,
आपलेच,
किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घालणारे काहीजण